आठातले सहा

अकोला
६ जानेवारी २०२५

मामा,

हे पत्र वऱ्हाड बेसबॉल लीगच्या सेक्रेटरीले नाही, माह्या मामाले आहे. म्हणून आधी जय भीम अन् मंग भांडण.

तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा मामीनं उचलला अन् सांगतलं, "तुहे मामा म्हणतात सीझन सुरू हाय, कोणत्याच कोचसंग फोनवर बोलत नाई, जे सांगायचं थे कागदावर लिही." सख्ख्या भाचीसंगही नाही? मंग घ्या कागद. अमरावतीच्या बसवरच्या बंडू कंडक्टरजवळ देऊन राहिली. तो म्हणे, ताई, व्हॉट्सॲप नाही काय तुमच्या मामाजवळ? म्हटलं, व्हॉट्सॲप आहे, पण मामाजवळ इमानदारी जास्त आहे.

आता ऐका. आपल्या लीगमधे आठ टीमा, हरेकीच्या चौदा मॅची, अन् वरच्या फक्त चार प्लेऑफले जातात. सहा मॅची झाल्या. माही अकोल्याची टीम पाचवी आहे. पाचवा नंबर असा की धड रडता येत नाही अन् धड हसताही येत नाही. चौथ्यात अन् आमच्यात एका मॅचचा फरक आहे. तिकडं खालच्या तीन टीमांचे पोट्टे आतापासूनच सैल पडले. अचलपूरचा एक फील्डर परवा मॅच सुरू असताना लग्नाच्या तारखा सांगत होता. म्हंजे अर्धा सीझन आपण मेलेल्या मॅची खेळून राहिलो, मामा.

म्हणून सोबत वेगळ्या कागदावर, चांगल्या अक्षरात, प्रस्ताव जोडला आहे. तीनच कलमं आहेत. एक, चारच्या जागी सहा टीमा प्लेऑफले जातील. दोन, पहिल्या दोघी सरळ सेमीफायनलले. तिसरी विरुद्ध सहावी अन् चौथी विरुद्ध पाचवी, एकच मॅच, जिंकला तो पुढं. तीन, ही मॅच खालच्या नंबरवाल्या टीमच्या मैदानावर होईल, कारण त्यांच्या गावाले मोठी मॅच कधी पाह्याले भेटत नाही.

तीन नंबरचं कलम मले लय आवडलं. पाचव्या नंबरची टीम अकोला असली तर शास्त्री स्टेडियमपर्यंत रांग लागेल, पाहून घ्या.

अन् हे माह्यासाठी नाही हं. पोट्ट्याइसाठी आहे.

तुमची माया


अमरावती
९ जानेवारी

माया,

पत्र भेटलं. बंडूनं वरून चहा घेतला, थो अलग.

आठातले सहा घ्या म्हणतेस. मंग त्या दोघाइनं काय घोडं मारलं? त्याइलेही घेऊन टाक, सगळे पास. मी बत्तीस वर्स रेल्वेत नोकरी केली, बडनेऱ्याची टीम मी उभी केली, रेल्वे ग्राउंडवरचे काटे हातानं उपटले. मले एकच समजते. चौदा मॅची खेळून चारात यायचं म्हंजे काही तरी हाय. सहात यायचं म्हंजे नुसतं हजेरी लावणं हाय. अन् सीझनच्या मधात नियम बदलणं मले पटत नाई.

पण माह्या पटण्यावर लीग चालत नाई. घटनेत लिहिलं हाय, सात मॅची होयेपर्यंत आठातल्या सहा टीमाइनं सही केली तर नियम बदलता येते. माही सही नसते, माहं मतही नसते. १९ तारखेले मीटिंग हाय. आण सह्या.

एक गोष्ट. तुह्या तिसऱ्या कलमापुढं मी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं हाय. पुन्हा एकडाव वाच. नियम लिहिताना तू कुठं बसून लिहून राहिली, थे पाह्य.

शेषराव मामा

माया बाई, मी मामी लिहून राहिली, हे पाकीट बंद करायच्या आत. तुहे मामा सांगणार नाईत, मी सांगते. आपल्या अनुपलेही सहाच पायजे. बडनेरा सातव्या नंबरवर हाय अन् त्याचा गुडघा आता आणखी एक सीझन ऐकत नाई म्हणते. पस्तीस वर्साचा झाला. हा शेवटचा सीझन म्हणते. त्यानं बापाले म्हटलं, सेक्रेटरी हायेत, एक शब्द टाका ना. हे म्हणाले, माहा पोरगा खेळते म्हणूनच टाकणार नाई. चार दिवस झाले, दोघंही एका ताटलीतले पोहे खातात अन् बोलतात माह्याशी. तू ये बाप्पा एकदा.


अकोला
१६ जानेवारी

मामा,

आधी माफी. मले वाटलं म्हातारपणी तुमी हट्टी झाले. अनुपदादाचं माहीत नव्हतं.

अन् आता खरं सांगते, कारण तुमी तुमचं लपवलं तसं मीबी माहं लपवलं होतं. पोट्ट्याइसाठी वगैरे जे लिहिलं ते खरं आहे, पण अर्धंच. आमच्या टीमचे मालक भगवंतराव, दाल मिलवाले, त्यांनी दिवाळीत मले कोच केलं तेव्हाच सांगतलं होतं, "मॅडम, लीगमधे बाई कोच पह्यलीच. लोक मले हसून राहिले. प्लेऑफले न्या, पुढच्या वर्षी तुमीच. नाही नेलं तर नागपूरचा एक माणूस तयार आहे." झालं. शाळेतली पीटीची नोकरी सोडून आली मी, तुमाले माहीत आहे. सहा टीमा झाल्या तर मी वाचते, असं साधं सरळ आहे.

आता आनंदाची बातमी. पाच सह्या झाल्या. अकोला, बडनेरा, अचलपूर, अकोट, मूर्तिजापूर. खालच्या टीमाइले कशाले समजवावं लागते, कागद पाहूनच पेन शोधाले लागले. वरच्यांचं कठीण. काल वडापच्या जीपमधे बसून दर्यापूरले गेली, पुढं दोन अन् मागं अकरा माणसं, माह्या मांडीवर कोणाची तरी सोयाबीनची पिशवी. दर्यापूरचे कोच किसनराव पह्यल्या नंबरवर आहेत. त्यांनी चहा पाजला, चिवडा देल्ला, मले पोरी पोरी केलं अन् सही काही केली नाही.

मंग आज अंजनगावले चालली, दुसऱ्या नंबरवाल्या गजेंद्रभाऊकडं. त्यांनाही पटत नाही असं ऐकलं. पण मी काल जीपमधे एक विचार केला. त्यांना सहाचं सांगायचंच नाही, दोनाचं सांगायचं. पह्यल्या दोघीले सरळ सेमीफायनल, एक हप्ता आराम, त्यांचे दोन्ही पिचर, म्हंजे बॉल टाकणारे, हात दुखून बसले आहेत. हे पत्र स्टँडवर बसून लिहून राहिली. जीप भरली की निघते.

तिसरं कलम पुन्हा वाचलं. पक्कं आहे. खोडू नका.

माया

(संध्याकाळी परत आली. केली सही गजेंद्रभाऊनं. सहा झाल्या, मामा. जीपमधे सगळ्याइले पेढे वाटले, कोणाले काही समजलं नाही तरी खाल्ले.)


अमरावती
२० जानेवारी

माया,

काल ठराव पास झाला. सहा विरुद्ध दोन. तिन्ही कलमं तू लिहिली तशीच रजिस्टरात उतरवली, एक काना इकडचा तिकडं नाई. मीटिंगमधे किसनरावनं विचारलं, हे तिसरं कलम कोणाच्या डोक्यातून निघालं? म्या म्हटलं, सही करणाऱ्या सहाच्या.

अनुप काल जेवताना म्हणाला, मिठाचा डबा द्या. माह्याशी बोलला थो. सुरुवात झाली.

भगवंतरावचं वाचून राग आला. तुले आधी सांगाले काय झालं होतं? सांगतलं असतं तरी म्या मत देल्लं नसतंच, पण तुले शिव्या कमी देल्ल्या असत्या.

मामा


अकोला
२४ फेब्रुवारी

मामा मामा मामा,

चौथी. आमी चौथी आहो. सात मॅची बाकी होत्या त्यातल्या पाच झाल्या अन् चार जिंकलो. काल अंजनगावले हरवलं, त्यांच्याच मैदानावर, तेही आठव्या इनिंगपर्यंत तीन रनांनी मागं असून. माहा पिचर शुभम, तोच जो डाव्या हातानं टाकते अन् उजव्या हातानं मार खाते, त्यानं शेवटच्या तीन जणाइले बॅटच लावू देल्ली नाही. गजेंद्रभाऊ हात मिळवाले आले अन् म्हणाले, "सही केली तेव्हा मले वाटलं होतं तू आमच्या फायद्याचं सांगून राहिली."

अन् फक्त आमचंच नाही. अचलपूरचा तो लग्नवाला फील्डर आता काय पळून राहिला, पाहून या. सहाव्या नंबरसाठी तीन टीमा भांडून राहिल्या. अकोटले मॅचले लोक झाडावर बसले होते. तुमी म्हणत होते हजेरी लावणं. जाऊन पाहा एकदा हजेरी कशी असते.

एकच काटा आहे. भगवंतराव परवा प्रॅक्टिसले आले, खुर्ची टाकून बसले अन् म्हणाले, "मॅडम, प्लेऑफले तर आता आठातले सहा जातात. त्यात काय कौतुक? मी बोललो होतो तेव्हा चारचं बोललो होतो. चार म्हंजे सेमीफायनल. सेमीफायनलले न्या." हिशेब त्यांचाच बरोबर आहे, तेच तुमी जानेवारीत म्हटलं होतं. रागात पूर्ण टीमले मैदानाच्या बारा चकरा मारवल्या अन् मीबी मारल्या.

बडनेरा कसं वर आलं हो? सातवरून पाचवर. अनुपदादा काय खाऊन राहिला?

माया


अमरावती
१० मार्च

माया,

लीगच्या मॅची काल संपल्या. सेक्रेटरी म्हणून कळवतो.

दर्यापूर पह्यलं, अंजनगाव दुसरं, मूर्तिजापूर तिसरं. अकोला चौथं, आठ मॅची जिंकून. बडनेरा पाचवं, सात जिंकून. सहावं अकोट.

म्हणून कलम क्रमांक दोनप्रमाणे अकोला विरुद्ध बडनेरा, एकच मॅच, रविवार १६ मार्च. अन् कलम क्रमांक तीनप्रमाणे ही मॅच खालच्या टीमच्या मैदानावर, म्हंजे बडनेऱ्याच्या रेल्वे ग्राउंडवर.

आता मामा म्हणून. जुना नियम असता तर तू आज सरळ सेमीफायनलमधे असती अन् तुहे भगवंतराव हार घेऊन उभे असते. तू चौथी आली, पोरी, हक्कानं आली. तुह्यावर ही मॅच तुह्याच कागदानं आणली, अन् तेही दुसऱ्याच्या घरी. म्या पेन्सिलीनं विचारलं होतं.

तू कधी रेल्वे ग्राउंडवर मोठी मॅच खेळवली नाईस, म्हणून तिथला एक नियम कळवतो. मागच्या तारेपलीकडून लाइन जाते. मालगाडी आली की धडधड अशी होते की अंपायरचा आवाज खेळाडूले ऐकू येत नाई. म्हणून गार्डाचा डबा जायेपर्यंत खेळ थांबते. हा नियम म्या लावला, चाळीस वर्सं होत आली. तुह्या पोट्ट्याइले सांगून ठेव, नाई तर घाबरतील.

म्या मॅचले येणार नाई. एकीकडून पोरगा, दुसरीकडून भाची. मी घरी बसतो. तू मात्र माह्या पोराकडं भाऊ म्हणून पाहू नको. कोचनं जे करायचं थे कर.

मामा


अकोला
१२ मार्च

मामा,

तुमचं पत्र वाचून आधी एक कागद लिहिला होता. त्यात लिहिलं होतं की सात मॅचीची अट बाजूले ठेवून तिसरं कलम रद्द करता येते काय, पुन्हा सह्या आणते, चार दिवस आहेत. बंडूच्या हाती देल्लाही होता. मंग बसच्या मागं पळत जाऊन मूर्तिजापूर रोडच्या वळणावर परत घेतला अन् फाडला. बंडू म्हणे, ताई, तुमी प्लेअर पाह्यजे होत्या.

मले माही लाज वाटली. जानेवारीत मी खालून वर पाहून लिहिलं. वर गेल्यावर तोच कागद टोचून राहिला. खालच्या टीमच्या गावानं मोठी मॅच पाह्याले पाह्यजे हे मी लिहिलं होतं, ते आताही खरंच आहे, फक्त गाव माहं नाही.

येतो आमी. मामीले म्हणा, वीस जणांचा नाश्ता नको, मी एकटी खाईन.

माया


अकोला
१७ मार्च

मामा,

मामी मॅचले होत्या, म्हणून निकाल तुमाले कालच समजला असेल. पण मामी म्हणाल्या, तुमी त्यांना पुढचं काहीच सांगू देल्लं नाही. म्हणे "माया लिहील." म्हणून लिहून राहिली.

मामा, लोक किती होते माहीत आहे? तारेवर, यार्डात उभ्या डब्याच्या टपावर, क्वार्टरच्या गच्चीवर. माह्या पोट्ट्याइले उतरताना कोणी ओळखलं नाही अन् मले सगळ्याइनं ओळखलं. एक आजी म्हणाली, "शेषरावची भाची ना तू? हरून जा बाई आज, पुढच्या वर्षी जिंकजो."

शेवटची इनिंग. आमी पाच, बडनेरा चार. बडनेरा मारून राहिलं, दोन बाद, एक माणूस दुसऱ्या बेसवर, एक तिसऱ्यावर. एक बरा फटका अन् आमी घरी. अन् बॅट घेऊन कोण आलं? अनुपदादा. आधीच्या तीन वेळात दोन फटके मारलेले. गुडघ्याले पट्टा, चालताना पाय ओढून राहिला होता, अन् पूर्ण बडनेरा उभं राहून त्याचं नाव घेऊन राहिलं होतं.

पह्यला बेस रिकामा होता. मी शुभमले इशारा केला, चार बॉल बाहेर टाक, याले फुकट पह्यल्या बेसवर जाऊ दे, मागच्याले बाद करू. शुभमनं नाही म्हणून मान हलवली. पुन्हा इशारा केला, पुन्हा मान हलवली. त्याले अनुपदादालेच बाद करायचं होतं, वीस वर्षाचा आहे, त्याचं काय चुकलं. कोचनं मैदानात जाऊन बोलायच्या तीन वेळा असतात, माह्या तिन्ही संपल्या होत्या. मी खांबाले धरून उभी होती.

अन् मालगाडी आली.

अंपायरनं हात वर केला. खेळ थांबला. खेळ थांबला की कोणीही कुठंही जाऊ शकते, मामा. मी पळत शुभमजवळ गेली. कोळशाचे डबे एकामागं एक, संपतच नव्हते. त्याच्या कानात ओरडून सांगतलं, तू त्याले बाद करशीलही, पण आज तुले तुहं नाव करायचं आहे का टीमले पुढं न्यायचं आहे? तो डबे मोजत होता बहुतेक. मंग म्हणाला, "ठीक आहे, मॅडम, पण त्यांच्याकडं तुमी पाहा, मी नाही पाहत."

मी पाह्यलं. अनुपदादा बॅटवर टेकून उभा होता. मले शुभमजवळ पाहूनच त्याले समजलं. त्याले बेसबॉल तुमीच शिकवलं, मलेही तुमीच. गार्डाचा डबा गेला, गार्डानं हिरवी झेंडी हलवली, अन् शुभमनं चार बॉल बाहेर टाकले. लोकाइनं काय काय म्हटलं ते मी लिहीत नाही. दादा बॅट ठेवून पाय ओढत पह्यल्या बेसवर गेला. शेवटच्या सीझनचा शेवटचा फटका होता त्याचा, अन् मी तो मारूच देल्ला नाही. मागच्या पोरानं पह्यल्याच बॉलवर जमिनीवरून मारलं, सरळ शुभमच्या हातात, त्यानं पह्यल्या बेसवर फेकला अन् पोरगा पोचायच्या आत बाद. संपलं.

जिंकलो, मामा. भगवंतरावनं फोन केला, "पुढच्या वर्षी तुमीच." मी बसमधे पोट्ट्याइसंग गाणे म्हटले अन् बोरगावच्या पुढं खिडकीकडं तोंड करून रडली. दोन्ही खरं आहे.

दादा हात न मिळवता गेला. त्याले सांगा,

नाही, काही सांगू नका.

माया


अमरावती
२६ मार्च

माया,

सेमीफायनलमधे दर्यापूरनं तुले नऊ-एकनं धुतलं, थे पेपरात वाचलं. किसनरावचा चिवडा खाल्ला होता, वसूल झाला. तुही नोकरी राह्यली, थे महत्त्वाचं.

तुहं १७ तारखेचं पत्र दोन वेळा वाचलं. तू केलं थे बरोबर केलं. मी पिचर असतो तर मानही हलवली नसती. पण वाचताना मी कोणाकडून होतो थे मले समजत नव्हतं. बत्तीस वर्सं त्या लाइनीवर काम केलं, मालगाडी वेळेवर आली म्हणून एवढा आनंद अन् एवढा राग एकाच टायमाले कधी झाला नाई.

आता घरचं. अनुप आठ दिवस कोणाशी बोलला नाई. मिठाचा डबाही उठून घेत होता. मंग परवा उठला अन् दवाखान्यात गेला. गुडघ्याचं ऑपरेशन एप्रिलमधे ठरवून आला, जे तीन वर्सं टाळून राह्यला होता. मामीनं विचारलं, आता कशाले, खेळणं तर सुटलं? थो म्हणाला, "सुटलं कुठं? मले कोणी बॅटच फिरवू देल्ली नाई. असा कसा जाऊ?"

काल त्यानं माह्यासमोर एक कागद ठेवला. म्हणाला, सेक्रेटरीसाहेब, हे घ्या. प्रस्ताव हाय. सोबत जोडला हाय, त्याच्याच अक्षरात. "शेवटच्या इनिंगमधे कोणत्याही मारणाऱ्याले मुद्दाम फुकट पह्यल्या बेसवर पाठवता येणार नाई." बडनेऱ्याची सही झाली हाय. बाकी टीमाइच्या सह्या पायजेत. म्हणाला, पह्यले अकोल्याले पाठवा.

मी सेक्रेटरी हाओ, म्हणून पाठवून राहिलो. माहं मत नसते.

मामा


अकोला
३१ मार्च

मामा,

अनुपदादाचा प्रस्ताव भेटला. अक्षर घाण आहे अन् कलम चांगलं आहे. मी तो कागद भिंतीले लावला, शुभमनं वाचला अन् म्हणाला, मॅडम, करा सही, मले त्याले टाकायचंच आहे.

पण मी आज सही करत नाही. दादाले सांगा, हा कागद १६ मार्चच्या बेसवर उभं राहून लिहिला आहे, जसा माहा पाचव्या नंबरवर बसून लिहिला होता. डिसेंबरात आणावा, सगळ्या टीमांच्या नावापुढं शून्य असते तेव्हा. तेव्हा कोणालेच माहीत नसते की आपण बॅट घेऊन उभे राहू का बॉल. तेव्हा अकोल्याची सही पह्यली असेल. माह्या तिसऱ्या कलमावरही पुन्हा सह्या घ्या तेव्हाच. मी तर ठेवा म्हणीन. त्या आजीनं ती मॅच पाह्यली ना.

अन् गुडघा नीट करून ये म्हणा. शुभम अजून हात घासून राहिला.

काल फायनल झाली, दर्यापूर जिंकलं, कप घरी गेला. म्हंजे सीझन संपला, मामा. आज सकाळपासून पाच वेळा फोन लावला अन् पाचही वेळा मामीनंच उचलला. आता मी कोणत्याच मॅचमधे नाही अन् तुमी कोणत्याच मीटिंगमधे नाही.

हे पत्र भेटलं की बाजूचा फोन उचला. मी लावतच आहे.

माया